शेतीकामातील श्रवणसंरक्षण (गोंदिया जिल्हा)

शेतीकामातील श्रवणसंरक्षण म्हणजे ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पंप, भातगिरणी यांसारख्या यंत्रांच्या मोठ्या आवाजापासून शेतात राबणाऱ्या माणसांची श्रवणशक्ती जपण्यासाठी योजलेले उपाय होत. आवाज मुळातच कमी करणे, यंत्राजवळचा वेळ कमी करणे, कानांवर संरक्षक साधने वापरणे आणि ठरावीक काळाने श्रवणतपासणी करणे यांचा त्यांत समावेश होतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात धानाची शेती आणि तांदूळ गिरण्या हे उपजीविकेचे प्रमुख आधार आहेत. तेथे यंत्रांवरचे काम अनेक जण किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू करतात, त्यामुळे या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. गोंगाटामुळे आलेला कायमचा बहिरेपणा कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाही. मात्र तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो.

## पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके आहेत. भरपूर पाऊस, मालगुजारी तलाव आणि इटियाडोहसारखे प्रकल्प यांमुळे येथे धान हेच मुख्य पीक आहे. गोंदिया शहर तांदूळ गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे.

पूर्वी चिखलणी बैलांच्या किंवा रेड्यांच्या जोडीने होत असे आणि मळणीही खळ्यावर बैलांच्या पायांखाली किंवा पेंढ्या झोडपून केली जाई. त्या कामांतला आवाज माणसांचा आणि जनावरांचाच असे. आता या कामांचा मोठा भाग यंत्रांनी व्यापला आहे. पावसाळ्याच्या आरंभी पऱ्हे टाकल्यानंतर बांध्यांमध्ये लोखंडी चाके लावलेले ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर चिखलणी करतात. रोवणीनंतर पावसाने ओढ दिली, तर डिझेल पंप तासन्‌तास चालतात. दिवाळीच्या सुमारास कापणी होते, धानाचे पुंजणे रचले जातात आणि त्यानंतर मळणी यंत्रे गावोगाव फिरू लागतात. काही ठिकाणी कापणी आणि मळणी एकत्र करणारे हार्वेस्टर वापरले जातात. सिंचनाची सोय असलेल्या भागात उन्हाळी धान घेतले जाते. तेथे उन्हाळ्याच्या शेवटी हेच चक्र पुन्हा फिरते. म्हणजे गोंगाटाचा हंगाम वर्षातून दोनदा येतो.

मळणी झालेले धान गिरणीत जाते. सोलणी, पॉलिश, चाळण्या, पंखे आणि धान वर चढवणारे उच्चालक ही सर्व यंत्रे बहुधा एकाच बंद इमारतीत चालतात. पत्र्याच्या छतावरून आणि भिंतींवरून आवाज परावर्तित होत राहतो. शेतातले काम संपल्यावर गिरणीत हमाली किंवा मदतनीस म्हणून काम करणाऱ्या तरुणांच्या कानांना त्यामुळे हंगामानंतरही विसावा मिळत नाही.

## गोंगाटाचा कानावर होणारा परिणाम

आंतरकर्णात शंखाप्रमाणे वळलेला कर्णावर्त नावाचा अवयव असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे साडेतीन हजार आंतर आणि बारा हजार बाह्य केशपेशी असतात. ध्वनिलहरींमुळे या पेशींवरील सूक्ष्म केस हलतात आणि त्यातून निर्माण झालेले संदेश श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे जातात. आवाज फार मोठा असेल किंवा तो दीर्घकाळ चालू राहिला, तर या पेशी थकतात. सुरुवातीला विश्रांतीनंतर त्या पूर्वपदावर येतात. दिवसभर मळणी यंत्रावर काम केल्यावर रात्री कान बधिर वाटणे आणि सकाळी पुन्हा नीट ऐकू येणे, हा त्याचाच अनुभव होय. परंतु असा थकवा वारंवार आल्यास पेशी मरतात. मानवी कानात मृत केशपेशींच्या जागी नव्या पेशी तयार होत नाहीत.

गोंगाटजन्य श्रवणऱ्हासाची सुरुवात बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्‌झ या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात होते. श्रवणआलेखात ४,००० हर्ट्‌झच्या आसपास दिसणारी खोच हे त्याचे ठळक लक्षण मानले जाते. मराठीतील स्वर प्रामुख्याने कमी वारंवारतेचे असल्याने ते ऐकू येत राहतात. मात्र स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पुसट होते. परिणामी माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट कळत नाही. ‘साठ पोती’ हे ‘आठ पोती’ असे ऐकू येऊ शकते. बाजारात किंवा लग्नमंडपात, जिथे अनेक जण एकाच वेळी बोलत असतात, तिथे अडचण वाढते. घरातली माणसे मात्र याला ‘लक्ष नसणे’ समजतात.

श्रवणऱ्हासासोबत अनेकदा कर्णनाद होतो. बाहेर कोणताही आवाज नसताना कानात शिट्टी, घूं-घूं किंवा रातकिड्यांसारखा आवाज सतत येत राहतो आणि त्याने झोप व एकाग्रता बिघडते. ऐकू न आल्यामुळे अपघाताचा धोकाही वाढतो. मागे येणाऱ्या ट्रॉलीचा आवाज, सोबत्याने मारलेली हाक किंवा यंत्रातील बिघाडाचा खडखडाट वेळेवर लक्षात येत नाही.

व्यवसायामुळे येणारा बहिरेपणा ही नवी गोष्ट नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात व्हेनिसमधील तांबटांच्या बहिरेपणाची नोंद केली आहे. गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता, तो पितळी भांड्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. धातू ठोकण्याच्या आवाजाशी हा प्रदेश यंत्रे येण्यापूर्वीपासून परिचित होता. यंत्रयुगात फरक पडला तो इतकाच, की असा आवाज कारागिराच्या दुकानातून शेताच्या बांधापर्यंत पोहोचला.

## ध्वनिपातळी आणि सुरक्षित कालावधी

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. हे मापन लघुगणकीय असल्याने पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. म्हणून कानाला पोहोचणारी हानी आवाजाची पातळी आणि त्यात घालवलेला वेळ या दोहोंवर अवलंबून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने दिवसाला ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला अनुज्ञेय वेळ निम्मा होतो, असे मानले आहे. त्यानुसार कान उघडे असताना दिवसभरात चालू शकणारा वेळ पुढीलप्रमाणे येतो :

- ८५ डेसिबल : ८ तास
- ८८ डेसिबल : ४ तास
- ९१ डेसिबल : २ तास
- ९४ डेसिबल : १ तास
- ९७ डेसिबल : ३० मिनिटे
- १०० डेसिबल : १५ मिनिटे

सामान्य संभाषणाची पातळी ६० डेसिबलच्या आसपास असते. बंद केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, जड काम चालू असताना, चालकाच्या कानाजवळ साधारणतः ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. भारतातील बहुतेक ट्रॅक्टरांना अशी केबिन नसते आणि धुराड्याचे तोंड अनेकदा चालकासमोर बॉनेटच्या बाजूला असते. अशा ट्रॅक्टरवर दिवसभर चिखलणी करणाऱ्या तरुणाच्या कानांना दिवसाचे मान पहिल्या एक-दोन तासांतच पुरे होते. उरलेला सर्व वेळ अतिरिक्त ठरतो. पेट्रोल इंजिनवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप कानांच्या अगदी जवळ असतो. झाड कापण्याच्या साखळी करवतीचा आवाज १०० डेसिबलच्याही पुढे जातो.

मोजमापाचे साधन जवळ नसल्यास एक सोपी कसोटी वापरता येते. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नसेल, तर तेथील पातळी बहुधा ८५ डेसिबलच्या वर असते.

क्षणिक स्फोटक आवाज हा वेगळा धोका आहे. जंगलालगतच्या शेतांत रानडुकरांना पळवून लावण्यासाठी फटाके फोडले जातात. कानाजवळ फुटलेला एकच फटाका कानाचा पडदा फाटण्यास किंवा केशपेशींना तत्काळ कायमची इजा होण्यास कारणीभूत ठरू शकतो.

## तरुण वयातील धोका

गोंगाटाची हानी साचत जाते. विसाव्या वर्षापूर्वी झालेले नुकसान त्या वेळी जाणवत नाही. कारण संभाषणासाठी लागणाऱ्या मधल्या वारंवारता तोवर शाबूत असतात. पुढे वयोमानाने येणारा श्रवणऱ्हास त्यात मिसळतो आणि चाळिशीतच साठीसारखे कान होतात. त्यामुळे ज्या वयात संरक्षणाचा लाभ सर्वाधिक असतो, त्याच वयात त्याची गरज सर्वांत कमी वाटते. तरुणांना कानांची काळजी घ्यायला लावण्यातील मूळ अडचण हीच आहे.

शेतीतील आवाजात करमणुकीचा आवाजही भर घालतो. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि झाडीपट्टीतील नाटके रात्रभर रंगतात. हाच काळ मळणीचाही असतो. दिवसा थ्रेशर आणि रात्री ध्वनिवर्धक, यांमुळे कानांना विश्रांती मिळत नाही. मिरवणुकांतील डीजे आणि इअरफोनवर मोठ्या आवाजात ऐकलेली गाणी यांचाही हिशेब त्याच खात्यात जमा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. असुरक्षित ऐकण्याच्या सवयींमुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांना श्रवणहानीचा धोका असल्याचे ही संघटना सांगते. ट्रॅक्टरचा आवाज दाबण्यासाठी इअरफोनवर गाणी लावणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे. त्यात एका गोंगाटावर दुसरा गोंगाट चढतो.

## संरक्षणाचे उपाय

### आवाजाच्या उगमाशी
सर्वांत प्रभावी उपाय यंत्रावरच केला जातो, कारण तो कामगाराच्या आठवणीवर अवलंबून नसतो. सायलेन्सर फुटला असल्यास तो बदलणे, सैल पत्रे व बोल्ट आवळणे, पट्ट्यांचा ताण योग्य ठेवणे, बेअरिंगला वंगण देणे आणि मळणी यंत्राच्या फिरत्या भागांचा तोल सांभाळणे यांमुळे आवाज कमी होतो. गिरणीत यंत्रांखाली रबरी गाद्या बसवणे आणि अधिक आवाज करणारी यंत्रे वेगळ्या खोलीत ठेवणे उपयुक्त ठरते.

### अंतर आणि वेळ
मोकळ्या जागेत लहान ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. डिझेल पंप झोपडीपासून दूर ठेवणे, पोती शिवण्याचे व मोजण्याचे काम थ्रेशरपासून लांब करणे आणि जेवणाची सुट्टी यंत्रापासून दूर घेणे हे बिनखर्चाचे उपाय आहेत. पेंढ्या यंत्रात टाकणे, तणस ओढणे आणि पोती भरणे ही कामे आळीपाळीने केल्यास एकाच माणसावर सर्व भार पडत नाही.

### वैयक्तिक साधने
कानात बसवायचे इअरप्लग आणि कानांवर घालायचे इअरमफ ही दोन मुख्य साधने आहेत. फोमचा इअरप्लग स्वच्छ हातांनी वळून बारीक करतात, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून तो आत बसवतात आणि फुगेपर्यंत काही क्षण दाबून धरतात. अर्धवट बसवलेला प्लग फारसे संरक्षण देत नाही. चिखल आणि धुळीच्या कामात हात स्वच्छ राहत नाहीत. तेव्हा धुता येणारे, दोरी असलेले रबरी किंवा सिलिकॉनचे प्लग अथवा इअरमफ अधिक सोयीचे असतात. ज्यांचा कान वाहतो, त्यांनी प्लग वापरण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

कापसाचा बोळा आणि कानांवरून गुंडाळलेला दुपट्टा यांनी धूळ व ऊन अडते, परंतु आवाज फारच थोडा कमी होतो.

साधन सलग वापरणे महत्त्वाचे असते. ३० डेसिबल आवाज अडवणारे साधन आठ तासांच्या कामात केवळ अर्धा तास काढून ठेवले, तर दिवसभराचे सरासरी संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. कारण त्या अर्ध्या तासात कानात शिरलेली ऊर्जा उरलेल्या साडेसात तासांतील ऊर्जेहून कितीतरी अधिक असते.

## साधने न वापरण्याची कारणे

घाम, दमटपणा आणि घट्टपणाची जाणीव ही कारणे नेहमी सांगितली जातात. यंत्राचा आवाज ऐकूनच त्याची स्थिती ओळखावी लागते, कान झाकल्यास ते कसे कळणार, ही शंकाही रास्त आहे. योग्य क्षमतेच्या साधनाने इंजिनाचा आवाज नाहीसा होत नाही, तो मंद होतो. काही दिवसांच्या सवयीनंतर त्यातील बदल पूर्वीप्रमाणे ओळखता येतो. सूचनांसाठी हातांच्या ठरलेल्या खुणा वापरता येतात. गरजेपेक्षा फार अधिक आवाज अडवणारे साधन टाळणे इष्ट असते, कारण त्यामुळे हाक आणि इशारे ऐकू येत नाहीत.

‘कानांना सवय झाली’ हा सर्वांत प्रचलित समज आहे. कान गोंगाटाला सरावत नाहीत. पूर्वी त्रासदायक वाटणारा आवाज आता वाटेनासा झाला असेल, तर ते अनेकदा श्रवणशक्ती कमी झाल्याचे चिन्ह असते. समवयस्कांच्या थट्टेची भीती आणि मालकाने साधन न पुरवणे हीदेखील कारणे असतात. रोजंदारीवरील मजूर एका हंगामात अनेकांच्या यंत्रांवर काम करतो. त्यामुळे त्याच्या कानांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. साधन यंत्रासोबतच ठेवणे, म्हणजे इअरमफची जोडी ट्रॅक्टरवर किंवा थ्रेशरवरच टांगलेली असणे, हा त्यावरील एक व्यवहार्य तोडगा आहे.

## प्रबोधनाचे प्रयोग

तरुण शेतकामगारांच्या श्रवणसंरक्षणाचा सर्वाधिक परिचित प्रयोग अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. दुग्धव्यवसायाच्या या प्रदेशात १९८०च्या दशकात शेतीशिक्षण घेणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांची तपासणी केली असता, प्रत्यक्ष शेतीकाम करणाऱ्या मुलांमध्ये श्रवणऱ्हासाच्या प्रारंभिक खुणा अधिक आढळल्या. त्यानंतर १९९२ ते १९९६ या काळात ३४ शाळांतील सुमारे साडेसातशे विद्यार्थ्यांवर तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. एका गटाला वर्गातील शिक्षण, घरी येणारी स्मरणपत्रे, वारंवार श्रवणतपासणी आणि विनामूल्य संरक्षक साधने देण्यात आली.

चाचणीअखेर या गटातील मुले साधनांचा वापर तुलनागटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक करत होती. सुमारे सोळा वर्षांनी झालेल्या पाठपुराव्यात ही सवय काही अंशी टिकल्याचे दिसले, परंतु दोन्ही गटांच्या प्रत्यक्ष श्रवणक्षमतेत ठळक फरक आढळला नाही. तरुण वयात लावलेली सवय दीर्घकाळ टिकू शकते, मात्र केवळ प्रबोधन पुरेसे नसते आणि यंत्राचा आवाज कमी करण्याला पर्याय नाही, असा दुहेरी निष्कर्ष यातून निघतो.

गोंदिया जिल्ह्यात मराठीबरोबरच हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी बोलल्या जातात. त्यामुळे छापील पत्रकापेक्षा गावातील बोलीत दाखवलेले प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक ठरू शकते. ‘बहिरे व्हाल’ या दूरच्या भीतीपेक्षा रात्री कानात वाजणारी शिट्टी किंवा फोनवर न कळलेला आकडा, हे तरुणांना आजच जाणवणारे अनुभव आधारासाठी घेता येतात.

## कायदेशीर स्थिती

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटजन्य श्रवणऱ्हासाचा समावेश अधिसूचित रोगांत होता. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा अधिनियम विलीन करण्यात आला. या तरतुदी किमान कामगारसंख्या असलेल्या कारखान्यांना लागू होतात. मोठी तांदूळ गिरणी त्यांच्या कक्षेत येते. लहान गिरणी, शेत आणि खळे मात्र बाहेर राहतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा आहेत. परंतु त्या परिसरातील आवाजासाठी आहेत, कामगाराच्या कानाशी पोहोचणाऱ्या आवाजासाठी नाहीत.

मळणी यंत्रांत हात तुटण्याच्या घटनांच्या पार्श्वभूमीवर घातक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ करण्यात आला. त्याचा भर शारीरिक इजा टाळण्यावर आणि भरपाईवर आहे. तुटलेला हात तत्काळ दिसतो, बधिर झालेला कान दिसत नाही. हा फरक कायद्यातही उमटलेला आहे.

बाल व किशोर कामगार कायद्यातील २०१६ च्या सुधारणेनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करण्याचा त्यास अपवाद आहे. १४ ते १८ वयोगटातील किशोरांना धोकादायक व्यवसायांत व प्रक्रियांत काम देता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या वारंवारतांवर किमान ६० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास व्यक्ती ऐकण्यास कमी येणारी समजली जाते. गोंगाटाने होणारी हानी दीर्घकाळ उच्च वारंवारतांपुरती राहत असल्याने पीडित व्यक्ती बहुधा या निकषात बसत नाहीत.

## तपासणी आणि शासकीय कार्यक्रम

श्रवणऱ्हासाचे निदान श्रवणमापन चाचणीने केले जाते. चाचणीपूर्वी किमान १४ तास कान मोठ्या आवाजापासून दूर ठेवल्यास तात्पुरता थकवा आणि कायमची हानी यांतील फरक स्पष्ट होतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक आणि पुढे दरवर्षी एक तपासणी केल्यास प्रारंभिक घट वेळीच पकडता येते. गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

केंद्र शासनाचा राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाड्यांतील बालके तसेच शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची, वयाच्या १८ वर्षांपर्यंत, आरोग्य तपासणी होते. तीत श्रवणदोषही पाहिले जातात. शाळा सोडून मजुरीला लागलेला किशोर मात्र शाळेतील तपासणीस मुकतो. कानाच्या आरोग्याविषयी जागृती करण्यासाठी दरवर्षी ३ मार्च हा दिवस जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो. पूर्व विदर्भात खरिपाची मळणी आटोपलेली आणि उन्हाळी धान अजून शेतात उभे असलेले, असा दोन हंगामांच्या मधला हा काळ असल्याने गावपातळीवरील श्रवणतपासणीसाठी तो सोयीचा आहे.